नुसती कॉफी

“वास कसला येतोय?” रिक्षातून एक पाय खाली टेकवता टेकवताच देवीरम्मांनी विचारलं.

मी रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून बोलत होते. मान वर केली आणि तो वास मलाही आला. दुकानाच्या दाराला झेंडूचं तोरण होतं, आत माणसं दाटीनं उभी होती, कपबशा वाजत होत्या, कुणीतरी मोठ्यानं हसत होतं. उद्घाटनाच्या दिवशी दुकान जसं दिसायला हवं तसंच दिसत होतं. पण वास जायफळाचा होता.

“तोरणाचा असेल, अक्का,” मी म्हटलं.

“झेंडू मला माहीत आहे, नलिनी.”

आम्ही कानडीत बोलत होतो. त्यांचं कानडी सकलेशपूरचं, घाटातल्या पाण्यासारखं खळाळतं. माझं शिकून घेतलेलं, अडखळत चालणारं.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालची. मी तेव्हा पन्नाशीला टेकले होते. यांच्या बँकेच्या नोकरीत आमची बरीच वर्षं सकलेशपूरला गेली होती, आणि देवीरम्मा तिथल्या आमच्या घरमालकीण. घरामागे डोंगराच्या उतारावर त्यांची लहानशी कॉफीची बाग होती. मधून मधून संत्र्याची झाडं, वर सावलीला उंच झाडं, त्यांच्यावर मिरीचे वेल चढलेले. नवरा गेल्यावर बाग त्या एकट्या बघायच्या. लाल झालेलं फळ तेवढंच तोडायचं, हिरव्याला हात लावायचा नाही, यावरून त्या मजुरांशी रोज भांडत. कॉफी भाजायला मी त्यांच्याच परसात शिकले. कान आणि नाक लावून भाजायची, डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, असं त्यांचं म्हणणं.

हे मुदतीआधी निवृत्त झाले, आम्ही साताऱ्याला परतलो, आणि मी ठरवलं की दुकान काढायचं. तिथेच भाजायची, तिथेच दळायची, तिथेच करून द्यायची. चिकोरीची भेसळ नाही, आणि सोबत वडा-भजी नाही. साताऱ्यात तेव्हा असलं काही कुणी ऐकलेलं नव्हतं. जागा धाकट्या दिरांची, भालूभावजींची. पोवई नाक्याच्या जरा आत त्यांचा गाळा रिकामा होता. एक एस.टी.डी. बूथवाला त्यांच्या मागे लागला होता, पण ते म्हणाले, “वहिनी, आधी तुम्ही. पण माल कुठून येणार ते पक्कं असेल तरच.”

माल देवीरम्मांकडून यायचा होता, आणि तोच पक्का नव्हता. बागवाल्यांना आपली कॉफी हव्या त्याला विकायची मोकळीक तेव्हा नुकतीच मिळाली होती. देवीरम्मांनी पहिल्याच वर्षी एका व्यापाऱ्याला माल दिला, आणि त्यानं त्यात चिकोरी मिसळून देवीरम्मांच्या बागेच्या नावावर खपवला. तेव्हापासून त्यांनी नेम केला होता. जो मागेल त्याच्याकडे स्वतः जायचं, त्याच्या हातची प्यायची, मग हो किंवा नाही. नमुन्याला त्यांनी मला एक लहान पोतं कच्च्या बिया पाठवल्या होत्या आणि कळवलं होतं, उद्घाटनालाच येते. त्या नाही म्हणाल्या असत्या तर संध्याकाळी दुकानात टेलिफोन लागले असते.

मी हात धरून त्यांना पायरी चढवली.

“आल्या, आल्या,” भालूभावजींनी आतून हाक दिली. “वहिनी, जिंकलंत. मी स्वतः दोन कप प्यायलोय. कोर्टात सांगायची वेळ आली तर शपथेवर सांगेन.”

“प्यायला कुणी दिली?” मी यांच्याकडे बघितलं. मी येईपर्यंत कुणाला देऊ नका, असं बजावून मी स्टँडवर गेले होते. बस फार उशिरा आली होती.

हे चष्मा काढून पुसत होते. हे चष्मा पुसायला लागले की समजावं, बोलण्यासारखं काही राहिलेलं नाही.

“माणसं किती वेळ ताटकळत ठेवायची?” हे म्हणाले. “आईनं सूत्रं हातात घेतली.”

शेजारच्या आळीतले सुभेदार शेलार कप संपवून बशी चाटायच्या बेतात होते. “वैनी, एक नंबर,” ते म्हणाले. “आमच्या पलटणीत मद्रासी पोरं कॉफी करायची. पन ह्याची सर न्हाई. दुकान चालणार, लिहून देतो.”

तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या कोपराला धरून मला बाजूला ओढलं. पंचाहत्तरीच्या होत्या, ठेंगण्या, नऊवारीचा काचा कसलेला, आणि चेहरा असा उजळलेला की मी बोलायचं ते विसरले.

“वेंधळी ती वेंधळीच,” त्या कुजबुजल्या. “डबाभर पूड करून ठेवलीस आणि जायफळाचा पत्ता नाही. नशीब मी झाकण उघडून वास घेतला. चार माणसांत शोभा झाली असती. घरून आणलं, मागे बसून किसलं, थोडे वेलदोडेही कुटून घातले. कुणाला काही कळलं नाही.”

सासूबाईंच्या हातची कॉफी आमच्या आळीत प्रसिद्ध होती. दूध, साखर, उकळी, जायफळ. कॉफीची पूड त्यात रंगापुरती. घरात कुणी आजारी पडलं, कुणाची मुलगी बघायला पाहुणे आले, कुणाला कोजागरीला जागायचं असलं, की आम्हा टिपणिसांकडून कॉफी जायची. बिनजायफळाची कॉफी म्हणजे त्यांच्या लेखी बिनहळदीची आमटी. मी मुद्दाम घातलं नसेल असं त्यांच्या मनातसुद्धा येणं शक्य नव्हतं.

सकाळी गेलेली वीज दुपारपर्यंत येणार नाही असं आदल्या दिवशी कळलं होतं, म्हणून मी भाजलेली सगळी कॉफी पहाटेच विजेच्या चक्कीवर दळून त्या एका डब्यात भरली होती. वेगळी अशी चिमूटभरही राहिली नव्हती.

मी यांना खूण करणार एवढ्यात भालूभावजींनी स्वतःच्या हातानं भरलेला कप देवीरम्मांपुढे धरला. “मॅडम, फर्स्ट क्लास,” ते म्हणाले.

देवीरम्मांनी कप नाकाशी नेला. तसाच खाली आणला आणि टेबलावर ठेवला. ओठ लावला नाही.

“ही माझी कॉफी आहे?” त्यांनी मला कानडीत विचारलं.

“हो.”

“मग तिला काय झालं?”

सासूबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या, कौतुकाच्या दोन शब्दांची वाट बघत. मी म्हटलं, “आमच्या घरी अशीच करतात, अक्का.”

“मी तुझं घर बघायला नाही आले. परतीची बस किती वाजता आहे?”

शब्द कळले नाहीत तरी सूर सगळ्यांना कळला.

“काय म्हणतायत बाई?” भालूभावजींनी विचारलं.

“जायफळ चालत नाही म्हणतात,” हे हळूच म्हणाले.

“मग त्यांना बिनजायफळाची द्या. त्यात काय एवढं?”

“ते आता पुडीतून वेगळं कसं काढणार?” मी म्हटलं.

भालूभावजींनी मला दाराशी नेलं. वकिली आवाज खाली आणला. “वहिनी, नीट विचार करा. इतकी माणसं प्यायली, एकानं नाक मुरडलं नाही. सातारकर कुठल्याही गोष्टीला नाक मुरडल्याशिवाय राहतो का? गिऱ्हाइकाला हवंय ते तुमच्या हातात आपोआप आलंय. यांच्या बिया नसल्या तर नसल्या, पेठेतून कुठलीही पूड आणू. जायफळापुढे कोण बघतंय? जागा तुमचीच, माझा शब्द.”

हे खरं होतं. हो म्हणणं फार सोपं होतं. सासूबाई खूश, दीर खूश, लोक खूश. दुकान त्या दिवसापासून चाललं असतं, आणि चांगलं चाललं असतं. मी आत बघितलं. देवीरम्मा पिशवी खांद्याला लावून भिंतीवरचं घड्याळ बघत होत्या.

“काय झालं गं?” सासूबाई जवळ आल्या. “कमी पडलं का? आणखी घालू?”

“काही कमी नाही पडलं, आई,” मी म्हटलं. सगळे ऐकत होते, पण आता आवाज खाली आणून उपयोग नव्हता. “तुमची कॉफी सगळ्यांना आवडली. पण ती तुमची आहे. पाटी मी माझ्या कॉफीची लावलीय, आणि ती अजून कुणी प्यायलेलंच नाही.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

“माझी नि तुझी?” त्या म्हणाल्या. “हे कधीपासून?”

त्या वळल्या, दाराजवळच्या खुर्चीवर जाऊन बसल्या, रस्त्याकडे तोंड करून. दुकानाकडे त्यांची पाठ होती.

मी कप गोळा केले. भरलेले, अर्धे, रिकामे, सगळे. “मंडळी, थोडं थांबावं लागेल,” मी म्हटलं. “पुन्हा भाजते.”

“पुन्हा म्हणजे पहिल्यापासून?” कुणीतरी विचारलं.

“पहिल्यापासून.”

मग जे व्हायचं ते झालं. एकाला बँकेत जायचं होतं, एकाकडे गॅसची टाकी यायची होती. सुभेदारांकडे पाहुणे जेवायला येणार होते. बघता बघता दुकान रिकामं झालं. भालूभावजी शेवटी निघाले. “बूथवाला संध्याकाळी यायचाय,” ते म्हणाले. “त्याला काय सांगू?”

“संध्याकाळी सांगते.”

“वहिनी, तुमच्यापेक्षा आमचे अशील शहाणे. तडजोड तरी करतात,” असं म्हणून ते बाहेर स्कूटरला टेकून उभे राहिले. गेले मात्र नाहीत.

देवीरम्मांनी पिशवी खाली ठेवली होती. बसल्या नव्हत्या. हात मागे बांधून भट्टीपाशी उभ्या राहिल्या, तपासणीला आलेल्या साहेबासारख्या.

भट्टी म्हणजे काय, आडवं ठेवलेलं एक लोखंडी पिंप, खाली गॅसची शेगडी, बाजूला फिरवायचा दांडा. हे दांडा फिरवायला बसले. पोत्यात उरलेल्या कच्च्या बिया मी ओतल्या. आधी ओल्या गवताचा वास येतो, मग भाकरीचा. बियांचा खळखळ आवाज हलका होत जातो. मग थोडा वेळ काहीच होत नाही, आणि नवखा माणूस तिथेच आच वाढवून घोटाळा करतो. मी आच वाढवली नाही. पिंपाला कान लावला. पहिली तड वाजली, मग दुसरी, मग लाह्या फुटाव्यात तशी सगळीकडून तडतड.

सासूबाईंची पाठ किंचित हलली. भाजण्याचा आवाज आणि त्या ऐकायच्या नाहीत, हे कसं व्हावं?

तडतड विरळ झाली तशी मी आच बंद केली आणि पिंप परातीत उपडं केलं. धुराचा लोट उठला. आता खरी घाई असते. बिया आपल्याच उष्णतेनं आतून भाजत राहतात, तेव्हाच्या तेव्हा गार केल्या नाहीत तर पार करपतात. त्यासाठी मी टेबलफॅन आणून ठेवला होता.

“पंखा,” देवीरम्मा म्हणाल्या.

“वीज नाही, अक्का.”

मी उलथन्यानं ढवळायला लागले. हे वर्तमानपत्रानं वारा घालायला लागले. बियांचा रंग माझ्या डोळ्यांदेखत गडद होत होता. पोत्यात आता मूठभरही बिया राहिल्या नव्हत्या.

“सरक.”

सासूबाई उभ्या होत्या. शेजारच्या किराणा दुकानातलं सूप त्यांच्या हातात होतं. केव्हा उठल्या, केव्हा गेल्या, मला कळलं नव्हतं.

“शेंगदाणे असे ढवळत बसतं का कुणी?” त्या म्हणाल्या. “ओत इकडे.”

मी निम्म्या बिया सुपात ओतल्या, आणि त्यांनी दारात उभं राहून पाखडायला सुरुवात केली. त्या वयात त्यांचे ते हात. बिया वर उडत होत्या आणि एकही न सांडता सुपात परत येत होत्या. प्रत्येक झटक्याला धूर निघून जात होता, आणि भुसा वाऱ्यावर बाहेर, तो नेमका भालूभावजींच्या पांढऱ्या शर्टावर.

“आई, अगं कोर्टात जायचंय मला,” ते ओरडले.

“मग तिथे काय उभा आहेस?”

एक सूप परातीत रिकामं करून त्यांनी दुसरं घेतलं. देवीरम्मा पुढे आल्या. हात मागेच होते, पण मान वाकवून त्या सुपाकडे बघत होत्या. थोड्या वेळानं त्यांनी हात सोडला, बियांमध्ये बोटं खुपसली आणि म्हणाल्या, “साकु.”

सासूबाई थांबल्या. “पुरे म्हणते ना ती?” त्यांनी मला विचारलं.

“हो.”

“मग तसं सांग तिला, मला कळलं म्हणून.”

दळायला सकलेशपूरची हातचक्की होती. ती टेबलाच्या कडेला आवळली आणि दळून कॉफी केली. तीन कप भरले. देवीरम्मांना एक दिला, एक यांना. तिसरा सासूबाईंच्या खुर्चीशेजारी नेऊन ठेवला. त्यांनी तो घेतला नाही, आधी देवीरम्मांकडे बघत राहिल्या.

देवीरम्मांनी वास घेतला. मग एक घोट घेतला, तो तोंडात फिरवला, गिळला. दुसरा घेतला. बाहेर भालूभावजी शर्ट झटकायचे थांबले होते.

“मुरली नाही,” देवीरम्मा म्हणाल्या. “भाजल्यावर एक रात्र तरी तिला तिच्यापाशी सोडायची असते. शिकवलं होतं मी तुला.”

“हो, अक्का.”

“उद्या सकाळी पुन्हा पिईन.” त्यांनी तिसरा घोट घेतला आणि मागच्या खोलीकडे नजर टाकली. “ती भिंत पावसाळ्यात ओल धरते का?”

“थोडी धरते. का?”

“माझी पोती भिंतीला टेकवायची नाहीत. खाली फळ्या टाक. आणि जवळ मिरच्या-बिरच्या कुणी ठेवल्या तर मी परत नेईन.”

हे चष्मा पुसायला लागले. मी भालूभावजींकडे बघून मान हलवली. त्यांनी दोन्ही हात वर केले, फिर्याद मागे घेतल्यासारखे, आणि स्कूटरला किक मारली.

“काय म्हणाली?” सासूबाईंनी विचारलं.

“बिया देते म्हणाल्या.”

“एवढ्याचसाठी ताणून धरलं होतं?” असं म्हणून त्यांनी कप उचलला. आत बघितलं. “दूध?”

“हवं तर घालते.”

“तिनं घातलं?”

“नाही.”

“मग राहू दे.”

त्यांनी घोट घेतला. डोळे मिटले, तोंड वाकडं केलं, गिळला. “कडू आहे.”

“थोडी आहे.”

“थोडी नाही.” पण कप खाली ठेवला नाही.

तेवढ्यात पायरीवर सुभेदार शेलार उगवले. जेवणं झाली असावीत. बरोबर दोन पाहुणे होते, टोप्या घातलेले, पान खाल्लेले.

“वैनी, पाव्हण्यांना घेऊन आलोय,” ते म्हणाले. “मघाची ती वासाची कॉफी द्या की. रस्ताभर तेच सांगत आलोय ह्यांना.”

जायफळाचा डबा टेबलाखाली होता, अर्ध्याहून जास्त भरलेला. दुकानाचं पहिलं खरं गिऱ्हाईक दारात उभं होतं, आणि मी सकाळपासून माणसं घालवण्यापलीकडे काही केलं नव्हतं. शिवाय सासूबाई समोर बसलेल्या. त्यांच्या कॉफीला दुसऱ्यांदा, तेही पाहुण्यांसमोर, नाही म्हणायचं माझ्यानं होईना.

“ती घरी मिळते, सुभेदार,” सासूबाई खुर्चीवरून म्हणाल्या. “केव्हाही या, मी करून घालीन. इथे ही मिळते.”

पुढे त्या दुपारच्या वेळी दुकानात येऊन बसायच्या, तेव्हा जायफळ मागणाऱ्या कितीतरी जणांना त्यांनी हेच सांगितलं. घराचा पत्ताही द्यायच्या. काही जण खरोखर जाऊन पिऊन आले. पण त्या दिवशी मी ते पहिल्यांदा ऐकत होते आणि माझ्या हातातली किटली हातातच राहिली होती.

सुभेदारांनी सासूबाईंच्या कपात डोकावून बघितलं. “ही कशी हाय, काकू?”

“कडू.”

“मग तुमी कशाला पिताय?”

सासूबाईंनी उरलेली कॉफी एका दमात संपवली. पदरानं ओठ टिपले.

“मी मालकिणीची सासू आहे,” त्या म्हणाल्या. “मला प्यावी लागते. तुम्ही बसा. तिघांना दे गं.”

ते तिघे बसले. पाहुण्यांनी टोप्या काढून मांडीवर ठेवल्या.

“काय म्हणाल्या त्या?” देवीरम्मांनी मला विचारलं.

मी सांगायला लागले. ‘मालकिणीची सासू’पर्यंत आले आणि पुढचं यांच्यावर सोडलं. मी चक्कीकडे वळले आणि दळायला लागले, आणि माझ्या पाठीमागे यांनी ते वाक्य कानडीत देवीरम्मांना सांगितलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून.